कान दुखतोय, की जबडा?

नवलाख उंबऱ्याहून कानदुखीसाठी तळेगाव गाठावं आणि डॉक्टरांनी ‘कान ठणठणीत आहे’ म्हणावं, असं होऊ शकतं. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्यातली कूर्चेची चकती सरकली की ‘कट्’ आवाज येतो. नुसताच आवाज असेल, दुखत नसेल, तर सोडून द्या. बरेचदा दुखतात ते स्नायू: झोपेत दात खाल्ल्याने, ताणात आवळल्याने. कधी संधिवात किंवा जुना मारही असतो. काही दिवस लोणावळ्याची चिक्की बंद, मऊ भात-आमटी चालू; गरम शेक, जांभई आवरती. दात खाणाऱ्यांना दंतवैद्य रात्री घालायची पट्टी बनवून देतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. मात्र जबड्यासोबत छाती आवळली, घाम सुटला, तर दुखणं हृदयाचं असू शकतं; लगेच १०८ला फोन करा.