चंद्रपूरचा मारिओ सावकाश पळायचा

लहानपणीचा मारिओ मोबाइलवर उतरवून घ्यावा, हौसेने सुरू करावा आणि पहिल्याच खड्ड्यात त्याने जीव द्यावा, असा अनुभव चाळिशीच्या आसपासच्या पुष्कळांना आला असेल. वय झालं, बोटं जड झाली, असं म्हणून माणूस मोबाइल खाली ठेवतो. पण दोष बोटांचा नसतो. मोबाइलवरचा मारिओ खरोखरच जास्त वेगाने पळतो. नव्वदच्या दशकात चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ऊर्जानगर, बल्लारपूर, घुग्घुस, वडसा इथल्या घरांत जो मारिओ पळायचा, तो जपान-अमेरिकेतल्या मारिओपेक्षा हळू होता.

टीव्हीवरचं चित्र सलग दिसत असलं तरी ते दर सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने आखलं जातं. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही ते सेकंदाला ६० वेळा आखत. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीत ५० वेळा. त्या खेळांना वेगळं घड्याळ नव्हतं. चित्र एकदा आखून झालं की मारिओने एक पाऊल टाकायचं, समोरच्या कासवाने एक पाऊल टाकायचं, गाणं तेवढंच पुढे सरकायचं. चित्रं कमी, म्हणून पावलंही कमी. जे अंतर जपानी पोराचा मारिओ १० सेकंदांत तोडायचा, त्याला आपल्या मारिओला १२ सेकंद लागत. गाण्याची पट्टी मात्र जवळपास तीच राहायची, कारण स्वर काढणारा भाग चित्रांच्या गतीवर अवलंबून नव्हता. पट्टी मूळची आणि लय जराशी विलंबित, असा तो मारिओ आपल्या कानात आणि अंगठ्यांत बसला आहे. उडी कधी मारायची हे अंगठ्याने त्याच लयीत शिकून घेतलं. म्हणून आज ‘अस्सल’ मारिओ समोर आला की अंगठा चुकतो.

या खेळांच्या आठवणी निघाल्या की आपण निन्टेन्डोचं नाव घेतो. जपानच्या या कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संचही १९८३ सालचाच. पण निन्टेन्डोने स्वतः बनवलेलं यंत्र आपल्या भागात जवळजवळ कुणी हाताळलं नाही. आपल्या हाती आली ती त्याची नक्कल. तैवानच्या यूएमसीसारख्या चिप कंपन्यांनी फॅमिकॉमच्या चिपशी जुळणाऱ्या चिप काढल्या. त्या चिप वापरून पूर्व आशियात डबे भरले गेले आणि निरनिराळ्या नावांनी जगभर खपले. आपल्याकडे ‘समुराई’, ‘मीडिया’ ही नावं लोकांना आठवतात. अनेक डब्यांवर तर नाव म्हणावं असं काही नव्हतंच. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) किंवा वीज केंद्राच्या वसाहतीत दिवाळीचा बोनस झाला की नागपूरच्या सीताबर्डीहून असा डबा यायचा. मग वडील टीव्हीच्या मागे वाकून अँटेनाच्या भोकात पिन खोचायचे, चॅनेलचं बारीक चाक फिरवायचे आणि मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर यायचं. ‘फार वेळ लावू नका, पिक्चर ट्यूब उडते’ ही तंबी त्या डब्यासोबतच घरात यायची.

निन्टेन्डोने युरोपसाठी स्वतःचं ‘पाल’ यंत्र काढलं तेव्हा त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसरही मंदावला आणि काही खेळ त्या गतीसाठी पुन्हा जुळवून घेतले. तैवानी चिपांनी दुसरी वाट धरली. प्रोसेसरचा वेग जवळजवळ जपानी यंत्राइतकाच ठेवला आणि चित्रं मात्र ५० केली, म्हणजे जपानी खेळांच्या नकला त्यावर काही न बदलता चालाव्यात. त्यामुळे आपल्याकडे चाललेला मारिओ जपानी नव्हता आणि युरोपीयही नव्हता. तो तिसराच होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपली आठवण ही मूळ वस्तूची फिकट प्रत आहे असं आपण मानत आलो. प्रत्यक्षात ती एका वेगळ्या आवृत्तीची नेमकी आठवण आहे.

रशियात अशा यंत्राला स्वतःची ओळख फार आधी मिळाली. तिथे १९९२ मध्ये स्टीपलर नावाच्या कंपनीने असंच नकली यंत्र ‘डेंडी’ या नावाने विकायला काढलं, त्याला हत्तीचं बोधचिन्ह दिलं, पुढे त्यावर टीव्ही कार्यक्रमही काढला. आज जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या मेसेन किंवा एफसीईयूएक्स अशा प्रोग्रामांमध्ये यंत्र कुठल्या पद्धतीचं हवं ते निवडता येतं, आणि त्या यादीत जपानी-अमेरिकी आणि युरोपीय पद्धतींच्या शेजारी ‘डेंडी’ हा पर्यायही असतो. आपल्याकडचं पाल यंत्र याच घराण्यातलं. तो पर्याय निवडून मारिओ सुरू करून बघा. अंगठा आपोआप जागेवर येतो.

आता त्या डब्याच्या आत डोकावू. सुरुवातीच्या यंत्रांत चिप वेगवेगळ्या, पाय असलेल्या, वर क्रमांक छापलेल्या असत. पुढे सगळं एकाच चिपमध्ये मावलं आणि ती चिप उघडीच पट्टीवर चिकटवून वरून काळ्या राळेचा थेंब सोडायचे. डबा उघडला की आत अर्धी रिकामी जागा आणि मधोमध बोराएवढा काळा गोळा. टीव्ही दुरुस्तीवाला अडॅप्टरची वायर जोडून द्यायचा, रिमोटच्या तुटलेल्या तारेला सोल्डर मारून द्यायचा, पण त्या गोळ्यापुढे त्याचंही काही चालत नसे. तो गेला की डबा गेला.

रिमोट दोन असायचे आणि दोन्ही सारखे नसायचे. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणं नव्हती; बऱ्याच नकली यंत्रांनी तेही जसंच्या तसं उचललं. खेळ थांबवायचा हक्क एक नंबरच्या रिमोटकडे आणि एक नंबरचा रिमोट कायम थोरल्याकडे. धाकट्याने ‘दादा, पॉज कर ना, आई बोलावते’ अशी विनवणी करायची आणि दादाने ‘हे स्टेज होऊ दे’ म्हणायचं. घरातली उतरंड अशी जपानी कारखान्यातून येऊन आपल्या सतरंजीवर चपखल बसली.

कॅसेट म्हणजे आणखी एक नवल. वर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं. पोट्टे ती यादी खाली खाली सरकवत बसायचे, आणि थोड्याच वेळात ध्यानात यायचं की तेच ते खेळ फिरून येत आहेत. फसवणूक तर होतीच, पण तिच्यामागे डोकं होतं. यादीतली नोंद निवडली की आधी एक छोटा प्रोग्राम चालायचा. तो यंत्राच्या स्मृतीत स्टेजचा किंवा लाइफचा एखादा आकडा बदलून ठेवायचा आणि मग मूळ खेळाकडे उडी घ्यायचा. म्हणून एका नोंदीत मारिओ पहिल्या स्टेजला, दुसऱ्या नोंदीत थेट पुढच्या दुनियेत. मूळ खेळही तितकाच काटकसरीचा. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. सकाळी व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलाला याहून जास्त जागा लागते. त्यातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरा रंग भरला की ढग, खाली हिरवा भरला की झुडूप. आम्ही वर्षानुवर्षं ते बघितलं आणि कधी ओळखलं नाही.

पडद्यावरची बदकं टिपायचा बदकवाला गेम आणि त्याची बंदूक मात्र आता कायमची गेली, आणि त्याचं कारण टीव्हीत आहे. बंदुकीतून काहीच सुटत नसे; उलट ती टीव्हीचा उजेड आत घ्यायची. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला, तर नेम लागला. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी. जुन्या पिक्चर ट्यूबवर उजेड त्याच क्षणी उमटायचा, म्हणून हा हिशेब जुळायचा. आजचे एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःजवळ घेतात, मग दाखवतात. तेवढ्या उशिरात नेम चुकतो, आणि या पडद्याचा उजेडही ट्यूबच्या उजेडासारखा लुकलुकत नाही. घरातला ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला, त्याच दिवशी ती बंदूकही आंधळी झाली.

घराबाहेर व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथे नाणं टाकून उभ्याने खेळायचं, आणि तिथला राजा होता ‘मुस्तफा’. कॅपकॉमच्या १९९३ च्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’; मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिक्सवरून बेतलेला. त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो. भारतभरच्या पोरांनी त्याच्याच नावाने अख्खा खेळ ओळखला. हा खेळ घरच्या कुठल्याही यंत्रासाठी अधिकृतपणे कधीच निघाला नाही. ज्याला तो आठवतो, त्याला तो पार्लरमध्येच भेटलेला असतो. घामाचा वास, मागे उभं राहून ‘बॉसला उडी मारून लाथ घाल’ म्हणणारा अनोळखी मोठा मुलगा आणि खिशातलं शेवटचं नाणं यांच्यासकट.

ही झाली वसाहतींची आणि शहराची गोष्ट. गडचिरोलीच्या आतल्या गावांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगितली नाही तर या आठवणी अर्ध्या राहतात. जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. कित्येक दशकं रेल्वे स्थानक म्हणाल तर एक वडसा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा. चंद्रपुरात वीज तयार व्हायची आणि आसपासच्या खेड्यांत भारनियमन असायचं. मारिओमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. लाईन गेली की सातव्या दुनियेपर्यंत पोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. अशा मुलखात खपला तो पेन्सिल सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात तो फुगे आणि पिपाण्यांच्या शेजारी टांगलेला असायचा. रंग नाही, टीव्ही नको, वीज नको. वरून पडणाऱ्या विटा रचायचा तो खेळ अलेक्सेई पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने १९८४ मध्ये मॉस्कोत रचला: टेट्रिस. दहा विटांची रुंदी, वीस विटांची उंची, हे माप ब्रिक गेमच्या राखाडी पडद्यावरही तसंच आलं. वाचता न येणाऱ्यालाही तो खेळ पहिल्या मिनिटात कळतो. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतला सगळ्यात लोकशाही व्हिडिओ गेम हाच होता, आणि आठवणींच्या गप्पांत त्याचंच नाव सगळ्यात शेवटी येतं.

याच मुलखात जुनी करमणूक जिवंत ठेवण्याचं मोठं उदाहरण आहे. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम चालतो. वडशाला नाटक मंडळांची कार्यालयं गजबजतात आणि गावोगावी रात्रभर नाटक होतं. तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीचं नाटक माणसांच्या अंगात राहतं. एकाने केलेली भूमिका दुसरा बघून शिकतो, दरवर्षी ती पुन्हा उभी राहते. व्हिडिओ गेमला ही सोय नाही. तो काळ्या राळेच्या गोळ्यात, कॅसेटच्या दातांत आणि पिक्चर ट्यूबमध्ये राहतो, आणि यातली प्रत्येक वस्तू गंजते किंवा भंगारात जाते. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली सवयसुद्धा तिला मारकच होती. चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा दातांवर गंज चढवत राहिला.

जगात हे जपणारे लोक आहेत. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मेम’ या प्रकल्पाने पार्लरच्या हजारो यंत्रांची नोंद केली आहे, आणि चोरून बनवलेल्या बोर्डांनाही त्यात स्वतंत्र जागा दिली आहे. नकलेलाही इतिहास असतो, हे त्यांनी मान्य केलं. फॅमिकॉमच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. खेळांवरचा कॉपीराइट मात्र शाबूत आहे. त्यामुळे खेळ वाटत सुटणं हा मार्ग नव्हे. पण आपल्याकडे कुठलं यंत्र आलं, त्यात कुठली चिप होती, कॅसेटच्या यादीत कुठली नावं कशा चुकीच्या स्पेलिंगने छापली होती, याची नोंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ती नोंद आपल्याशिवाय दुसरं कुणी करणारही नाही.

चंद्रपूरच्या गोल बाजारात किंवा वडशाच्या बाजारपेठेत टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकानं असतील, तर त्यांच्या माळ्यावर असे डबे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दुकानदाराला विचारून चार स्क्रू काढा. चिपवर ‘यूए ६५’ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो यूएमसीचा, म्हणजे तैवानी घराण्यातला. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे, कॅसेटच्या कागदाचे आणि टीव्हीवर यादी लागत असेल तर तिच्या प्रत्येक पानाचे फोटो काढा. मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेलं एखाद्या मुलाचं नाव असेल, तर तेवढं सोडून बाकी सगळं टिपून घ्या.