दोन मंडप, दोन आश्वासने

बीड जिल्ह्यात दसऱ्याच्या दिवशी हल्ली दोन मोठे मेळावे भरतात. एक पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट येथे, संत भगवानबाबांच्या जन्मगावी. त्याचे नेतृत्व पंकजा मुंडे करतात. दुसरा २०२४ पासून, धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर. तेथे मनोज जरांगे बोलतात. दोन्ही ठिकाणे वारकरी परंपरेतील, दोन्हीकडचे श्रोते बहुतांशी कोरडवाहू शेतीवर जगणारे. तथापि एका गडाची वाट धरणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्या गडाची वाट धरीत नाही. समाजाने आपापले मेळावे भरवावेत, यात वावगे काही नाही. चिंतेची बाब अशी की, शासनानेही आपले मंडप दोन केले आहेत. एका मंडपात ते मराठा समाजाशी बोलते, दुसऱ्या मंडपात इतर मागासवर्गीयांशी. आणि या मंडपात दिलेला शब्द त्या मंडपात दिलेल्या शब्दाशी जुळतो की नाही, हे तपासून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. गेल्या काही वर्षांत रस्त्यावरचे प्रत्येक आंदोलन मिटले आणि तरीही अशांतता मात्र वाढतच गेली, याचे मुख्य कारण येथे शोधावे लागेल.

घटनांचा क्रम पाहिला तर हे स्पष्ट होते. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि तोवर तालुक्यापुरते असलेले आंदोलन साऱ्या राज्याचे झाले. मराठवाड्यातील मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तिने सुमारे १ कोटी ७२ लाख दस्तऐवज तपासले व ११,५३० नोंदी हाती लागल्याचे ऑक्टोबरअखेर जाहीर झाले. नेमके त्याच दिवसांत, ३० ऑक्टोबर रोजी, बीड जिल्हा पेटला. माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर, बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर जाळण्यात आले. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. सोळंके हे स्वतः मराठा समाजाचे, हा तपशील पुढच्या काळात जवळजवळ विसरला गेला. त्या दिवसाचा राग केवळ एका जातीचा दुसऱ्या जातीवर नव्हता, तो पुढाऱ्यांवरचाही होता. पुढे मात्र त्याचे सरळ जातीत विभाजन झाले.

ते कसे झाले? जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवर, वाशी येथे, मोर्चा थोपवण्यासाठी ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याप्ती वाढवणारा अधिसूचनेचा मसुदा आंदोलकांच्या हाती देण्यात आला. २० फेब्रुवारी रोजी विधिमंडळाने मराठा समाजाला १० टक्के स्वतंत्र आरक्षण देणारा कायदा केला. म्हणजे एकीकडे कुणबी म्हणून इतर मागासवर्गात प्रवेश, दुसरीकडे मराठा म्हणून निराळा वर्ग, अशी दोन दारे एकाच वेळी उघडण्यात आली. जूनमध्ये अंतरवालीचे पुढचे उपोषण आश्वासनानंतर स्थगित झाले, आणि त्याच अंबड तालुक्यात वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके यांचे उपोषण उभे राहिले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाला धक्का लागणार नाही, असा शब्द मंत्र्यांनी तेथे जाऊन दिला. ऑगस्ट २०२५ अखेर आझाद मैदानावर पुन्हा उपोषण झाले. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याचा शासन निर्णय निघाला, आणि लगोलग इतर मागासवर्गीयांसाठी दुसरी मंत्रिमंडळ उपसमिती स्थापन झाली. मराठ्यांसाठी एक उपसमिती होतीच. दोन मंडपांची ही व्यवस्था आता अधिकृत झाली, असे म्हणावे लागेल. १७ ऑक्टोबरला छगन भुजबळ यांची सभा बीडमध्येच झाली, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

या पद्धतीचा एक अर्थशास्त्रीय दोष आहे. जो रस्त्यावर अधिक काळ टिकतो त्याला अधिक मिळते, असे एकदा दिसले की रस्त्यावर उतरणे हाच सर्वांना शहाणपणाचा मार्ग वाटू लागतो. त्यात कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. बक्षीस जेथे ठेवले तेथे माणसे जातात.

मग वाद नेमका कशाचा आहे, हे तरी दोन्ही बाजूंना सांगितले गेले आहे काय? राज्याच्या नोकऱ्यांतील जुन्या ५२ टक्के आरक्षणाची फोड अशी: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विशेष मागास प्रवर्ग २ आणि विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११. या शेवटच्या ११ मध्ये धनगर समाजाचे साडेतीन व वंजारी समाजाचे २ टक्के स्वतंत्र आहेत. कुणबी प्रमाणपत्र मिळालेला उमेदवार १९ टक्क्यांच्या गटात येतो. तेव्हा राज्याच्या नोकरीपुरते पाहता बीडमधील वंजारी तरुणाच्या २ टक्क्यांत तो वाटेकरी होत नाही. परंतु केंद्राच्या २७ टक्क्यांत ही फोड नाही. आणि बीडच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व नगरपालिकांत माळी, वंजारी, धनगर, तेली, कुणबी हे सगळे ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग’ या एकाच सदरात मोडतात. तेथे कुणबी प्रमाणपत्र घेऊन मोठ्या समाजाचा उमेदवार उभा राहिला, तर लहान जातींच्या हातून सरपंचपद जाईल ही भीती काल्पनिक नव्हे. उलट, पाच एकर कोरडवाहू जमीन आणि दोन पदवीधर मुले असलेल्या मराठा शेतकऱ्याची तक्रारही काल्पनिक नाही. या जिल्ह्यात मोठे उद्योग फारसे नाहीत. परळीचे औष्णिक वीज केंद्र सोडले तर सांगण्याजोगे नाव चटकन सुचत नाही. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. अशा ठिकाणी तलाठ्याची किंवा शिपायाची नोकरी ही एका घराची तीन पिढ्यांची निश्चिंती ठरते.

नोकरीची तक्रार आणि सरपंचपदाची भीती हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकाच टेबलावर ते वेगळे करून मांडले असते, तर निदान अर्धा वाद तरी कमी कडू झाला असता. परंतु ते टेबलच नव्हते. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढली तीन वर्षे तरी तेथे प्रशासकाचा कारभार चालला. आंदोलनाचा भर नेमका याच काळातला. गावच्या तक्रारी बोलून दाखवण्याचे सभागृह कुलूपबंद आणि मैदान मात्र मोकळे, अशी स्थिती होती.

कुणबी नोंदींचा हा खटाटोप बाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटतो. त्यामागे इतिहास आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. विदर्भातील शेतकरी कुणबी म्हणून नोंदला गेला व इतर मागासवर्गात आला. मराठवाड्यातील त्याच्याच सोयऱ्याची नोंद निराळी झाली. हा फरक प्रशासनाच्या सीमेने केला, समाजाने नव्हे. म्हणून जुन्या गॅझेटियरकडे जाणे हास्यास्पद नाही. मात्र ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी या तिघांच्या गावसमितीवर जेव्हा चौकशीचा भार टाकला जातो, तेव्हा गावातील सर्वांत तापलेला प्रश्न गावातील सर्वांत कमी संरक्षण असलेल्या नोकरांच्या गळ्यात पडतो, याची नोंद घेतली पाहिजे.

दरम्यान जिल्ह्याने पुष्कळ किंमत मोजली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला, आणि त्यानंतर काही गावांत परस्परांच्या दुकानांतून माल न घेण्याच्या शपथांच्या बातम्या आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार ती खंडणीच्या प्रकरणातून झाली. परंतु तिच्याकडेही जातीच्या चष्म्यातून पाहिले गेले. २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोलिसांच्या टेबलांवरील पाट्यांवरून आडनावे काढावी लागली. उपाय स्तुत्यच, पण तो करावा लागला, यातच सारे आले.

आता याच जिल्ह्यातील दुसरे एक उदाहरण पाहावे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मराठा, वंजारी, दलित, बंजारा सगळेच त्यात असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल सर्वांच्याच डोक्यावर असते. मजुरीच्या दरासाठी या कामगारांनी वेळोवेळी कोयता बंद ठेवला आहे. त्या संपांतून लवादाची पद्धत रूढ झाली: कामगारांच्या वतीने गोपीनाथ मुंडे, कारखान्यांच्या वतीने शरद पवार. राजकारणात परस्परांचे कट्टर विरोधक असलेले हे दोघे दरवाढीसाठी एकाच कागदावर सह्या करीत. मुंडे यांच्या निधनानंतरही पद्धत टिकली. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे बीड जळाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, याच मार्गाने ३४ टक्के दरवाढ ठरली. या लवादात दोष आहेत. प्रत्यक्ष तोडणी करणाऱ्या बाईला तेथे खुर्ची नसते, आणि मुकादमशाही त्याने हटली नाही. पण दोन्ही बाजू एकाच खोलीत, एकच आकडा, एकच कागद आणि ठरावीक मुदत, एवढ्या चार गोष्टी तेथे असतात. आरक्षणाच्या वाटाघाटीत यांपैकी एकही नव्हती.

मराठवाड्याला आणखी एक जुना अनुभव आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, पण गावोगाव त्याची भूमिका समजावण्याचे काम कोणी केले नाही. दंगली उसळल्या, दलित वस्त्या जळाल्या. त्या प्रसंगी अन्याय करणारे कोण व सोसणारे कोण याविषयी संदिग्धता नव्हती, म्हणून आजच्या वादाशी त्याची सरसकट तुलना करणे योग्य नव्हे. पण तोडगा कसा निघाला ते पाहण्यासारखे आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव आले, ‘मराठवाडा’ हा शब्दही राहिला, आणि त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ निघाले. वाटणीचा वाद मिटवताना वाटायची वस्तूच थोडी मोठी करण्यात आली. त्यासाठी दलितांना सोळा वर्षे वाट पाहावी लागली, हे विसरता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर १९९१ मध्ये राष्ट्रीय शांतता करार झाला, तेव्हा घटनेचा मसुदाही तयार नव्हता. मोठा प्रश्न सुटण्याची वाट न पाहता वस्तीवस्तीत स्थानिक शांतता समित्या नेमल्या गेल्या. त्यांत पक्ष, पोलीस, चर्च, व्यापारी एकत्र बसत. हिंसाचार त्यांनी संपवला नाही. पण अफवा पसरली तर कोणाला दूरध्वनी करायचा हे प्रत्येक बाजूला ठाऊक झाले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीडमध्ये अशी व्यवस्था असती तर?

पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा निर्णय बीडमध्ये होणार नाही. १९९२ च्या मंडल निकालापासून तो न्यायालयाच्या कक्षेत आहे, आणि मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हे उभय पक्षांना माहीत आहे. परंतु दोन उपसमित्यांची एक संयुक्त समिती करायला न्यायालयाची परवानगी लागत नाही. किती कुणबी प्रमाणपत्रे दिली, त्यांपैकी किती पडताळणीत टिकली, त्यांच्या बळावर किती जण राखीव जागांवर निवडून आले, याचा तालुकावार तक्ता दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावायला विधेयक लागत नाही. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जातगणनेचा निर्णय घेतला आहे, आणि जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. ती आकडेवारी हाती येईपर्यंत दोन्ही बाजूंनी नवी मुदत, नवा इशारा देऊ नये आणि शासनाने नवे आश्वासन देऊ नये, एवढा करार तरी एका कागदावर होऊ शकतो. त्यावर सह्या करण्यासाठी कोणाला मुंबईला बोलावण्याची गरज नाही. नारायणगड आणि सावरगाव घाट दोन्ही बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्याच हद्दीत येतात.