जुना लॅपटॉप: वापरायचा की मोडीत काढायचा?

सात-आठ वर्षांचा लॅपटॉप बर्डीवर नेला की दुकानदार एका नजरेत भाव सांगतो. पण आपला प्रश्न वेगळा आहे: या यंत्रात अजून किती जीव आहे?

हे बघायचं कशासाठी? लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. रिसायकलिंगमधून तांबं, ॲल्युमिनियम, थोडं सोनं परत मिळतं. चिप बनवायला लागलेली वीज आणि पाणी मिळत नाही. म्हणून आधी वापर, मग रिसायकलिंग.

पहिली तपासणी बॅटरीची. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा खालचं कव्हर फुगलंय? मग चार्जिंग बंद करा, दाबू-टोचू नका, बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. तसं नसेल तर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता ५० वॉट-तास आणि आता २० असेल, तर ४० टक्केच उरली. म्हणजे बॅटरी बदलायची, लॅपटॉप नाही. उष्णतेत लिथियम-आयन बॅटरी लवकर थकते, आणि आपला मे महिना तर ४५ अंशांचा!

दुसरी डिस्क. तिच्या 'स्मार्ट' अहवालात खराब सेक्टर वाढत असतील तर डेटा लगेच दुसरीकडे घ्या आणि एसएसडी बसवा.

तिसरा मदरबोर्ड. अर्धा तास व्हिडिओ चालवून बघा. तापून बंद पडला तर आधी पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. तरीही तेच होत असेल आणि दुरुस्ती परवडत नसेल, तर रॅम, स्क्रीन, कीबोर्ड सुटे वापरा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० नसलेले लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण हार्डवेअर ठणठणीत असेल तर लिनक्स टाका. अभ्यासाला, टायपिंगला पुरतं.

काहीच जमलं नाही, तरच रिसायकलिंग. तेही नोंदणीकृत रिसायकलरकडेच. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांतही अशी नोंदणी सक्तीची आहे. देण्याआधी डिस्क पूर्ण पुसा, नुसतं डिलीट पुरत नाही. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद पाव हिश्शाचीही नाही. उरलेल्यातला बराच माल उघड्यावर जाळला जातो, ॲसिडमध्ये बुडवला जातो, आणि त्यातलं शिसं तिथं काम करणाऱ्यांच्या अंगात जातं. भंगारात शंभर-दोनशे रुपये जास्त मिळाले, तरी ते कुणीतरी आपल्या तब्येतीने फेडत असतं.