अंजीर तडकतं कशानं?

राजुरा तालुका कापसाचा, सोयाबीनचा, कोळशाच्या खाणींचा आणि सिमेंटला लागणाऱ्या चुनखडीचा. अंजीर म्हटलं की पुरंदर आठवतं. तिथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इकडे वर्धा नदीच्या पश्चिमेला अंजीर असतं ते घरचं. सांदवाडीत, न्हाणीच्या मोरीजवळ, नाहीतर विहिरीच्या कडेला लावलेलं एखादं झाड. फळ विकायचं नसतं, म्हणून छाटणीचा आणि पाण्याचा हिशेबही कुणी ठेवत नाही. फाल्गुन-चैत्रात फांद्यांवर फळं फुगू लागतात, घरातली पोरं ती रोज मोजतात, आणि एखाद्या दुपारी आभाळ भरून येतं. अर्धा तास पाऊस कोसळतो. दोन दिवसांनी पाहावं तर पिकायला आलेली फळं देठापासून खाली उभी तडकलेली, फटीतून गुलाबी गर दिसतोय आणि त्यावर मुंग्या लागलेल्या. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: अवकाळी. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पाऊस निमित्त होतो. फळ तडकायची तयारी त्याआधीच्या तीन-चार कोरड्या आठवड्यांत मुळांशी होऊन बसलेली असते, असं माझं म्हणणं आहे. हा फरक शब्दांचा नाही. आभाळ आपल्या हाती नाही, मुळाशी असलेली ओल मात्र बऱ्याच अंशी आहे.

आधी फळाकडे जरा जवळून पाहू. अंजीर म्हणजे खरं तर आत वळलेला फुलोरा. मांसल पिशवीच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात आणि पिशवीच्या तळाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला, खवल्यांनी झाकलेलं एक बारीक छिद्र असतं. त्याला डोळा म्हणतात. कोवळं फळ सुरुवातीला भराभर वाढतं. मग कितीतरी दिवस ते जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. हिरवं, कडक, बोटानं दाबलं तर दबत नाही. या थांबलेल्या काळात घरचे लोक कंटाळतात आणि झाड वांझ निघालं म्हणतात. शेवटच्या काही दिवसांत मात्र सगळा कारभार एकदम होतो. फळ फुगतं, रंग धरतं, मान टाकतं, आणि त्याची बहुतेक गोडी व वजन याच दिवसांत भरतं. आत साखर वाढली की फळ पाणी ओढून घेतं. साल ताणून पातळ होते, डोळा सैल होतो आणि त्यातून कधी मधासारखा थेंब डोकावतो. अंजिराच्या आयुष्यातला हा सगळ्यात नाजूक आठवडा. तडकतात ती याच आठवड्यातली फळं. त्याच फांदीवर वरच्या पानांच्या बेचक्यात बसलेली हिरवी फळं त्याच पावसात भिजूनही धड राहतात. नुसता पावसाचा मारा कारण असता तर हिरवी आणि पिकती असा भेद त्यानं केला नसता.

आता मातीकडे येऊ, कारण राजुऱ्यात खरी गोष्ट तिथेच आहे. इथली पुष्कळ जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. फेब्रुवारी उलटला की आकसते आणि तिला भेगा पडतात. मार्चअखेर सांदवाडीच्या कोपऱ्यात हाताचं बोट सहज जाईल अशी भेग दिसते, पुढे ती आणखी रुंदावते. अंजिराची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या थरात पसरलेली असतात. माती आकसताना ती ताणली जातात, काही तुटतात आणि उरलेल्यांना ओल पुरत नाही. झाड मग काटकसर करतं. पानं दुपारी मलूल होतात, फळाला मिळणारं पाणी कमी होतं, साल लवचीकपणा सोडून चिवट बनते. अशा जमिनीवर मार्चमध्ये सरी कोसळल्या की पाणी मातीत हळूहळू जिरत नाही, भेगांतून थेट खाली मुळांपर्यंत पोचतं. महिनाभर तहानलेल्या झाडाला एका रात्रीत पोटभर पाणी मिळतं आणि ते साखर भरलेल्या फळाकडे धावतं. आतला गर फुगतो, कोरड्या दिवसांत ताठ झालेली साल तेवढी ताणत नाही, आणि फळ उलतं. सालीवर बाहेरून साचलेलं पाणी यात भर घालतं, सैल झालेल्या डोळ्यातूनही आत शिरतं. डोळ्यावाटे चिलटं आणि बारीक भुंगे आंबवणारे जंतू आत नेतात. म्हणून न तडकलेलं फळही कधी फोडल्यावर आंबूस निघतं. पण मूळ धक्का मुळांकडून येतो. रोज न्हाणीचं पाणी पिणारं झाड आणि अंगणाच्या कोरड्या टोकाला उभं असलेलं झाड पावसानंतर शेजारी शेजारी पाहावं. कोरड्या टोकाचं झाड जास्त फळं गमावून बसलेलं आढळेल.

वसंतातली हवा बिघडते ती नुसत्या पावसानं नाही, हेही धरायला हवं. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरच्या कमाल तापमानाच्या हिशेबानं २०२२ चा मार्च सगळ्यात तापलेला ठरला, तर पुढल्याच वर्षी फेब्रुवारीनं तो मान मिळवला. चंद्रपूर जिल्ह्याला उन्हाचं कौतुक नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पलीकडे गेला तरी इथे कुणी दचकत नाही. पण मे महिन्याचं ऊन मार्चमध्ये येतं तेव्हा अंजिराचं नुकसान वेगळ्या रीतीनं होतं. फळ पुरतं भरण्याआधीच पिकल्याचं सोंग करतं: रंग येतो, आकार लहान राहतो, साल चामड्यासारखी होते आणि गोडी उतरते. सिमेंटच्या भिंतीला टेकून लावलेल्या झाडाला हा त्रास जास्त, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत झाडावर ऊब सोडत राहते. पान गळून उघड्या पडलेल्या फांद्यांची साल पश्चिमेच्या उन्हात भाजते आणि तिथे पुढे खोडकिडा शिरतो. एवढं होऊनही फळ झाडावर राहतं. घात होतो तो अशा उन्हाच्या पाठोपाठ पाऊस आला की. विदर्भात असे पाऊस उन्हाळ्याच्या तोंडावर होतातच. बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा या भागावर एकमेकींना भिडतात, आणि त्यातून गडगडाट, वादळ, गारा निघतात. यात नवीन काही नाही. ऊन लवकर चढू लागलं, त्यामुळे आधीची कोरड अधिक खोल झाली आणि पावसाचा झटका अधिक बोचू लागला, हे नवीन.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: अंजिराला कीटक लागतो, तो कीटक इकडे नाही, म्हणून फळ टिकत नाही, हवेला कशाला दोष द्यायचा? अर्धवट माहितीतून निघालेला हा आक्षेप आहे. तुर्कस्तानच्या स्मिर्ना जातीला कीटक लागतो हे खरं. कॅलिफोर्नियात त्या जातीची झाडं होती, पण फळ धरेना. शेवटी १८९९ मध्ये तो बारीक गांधीलमाशीसारखा कीटक तिथे वसवावा लागला. आपल्याकडे घरोघरी असतं ते पूना अंजीर, आणि ते परागीकरणाशिवाय फळ भरतं. कीटकावर जगणारं झाड आपल्या नजरेसमोर आहे, ते म्हणजे उंबर. त्याचा कीटक वेगळा, आणि प्रौढ झाल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो. सिंगापूरमध्ये अशा कीटकांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला; तापमान काही अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य आणखी आखडतं, असं त्यात दिसलं. म्हणजे वाढत्या उन्हाची खरी चिंता कीटकाच्या बाजूनं करायची तर ती उंबराची करायला हवी. आणि तरीही नाल्याकाठचा उंबर चैत्रातल्या पावसानं डगमगत नाही. त्याची मुळं खोल ओलीपर्यंत गेलेली असतात, त्यामुळे त्याला ना तहान तेवढी लागते ना पाण्याचा झटका बसतो. शिवाय तो वर्षातून अनेकदा फळतो. एक बहार गेला तरी दुसरा असतो. एकाच वाऱ्यापावसात उभी असलेली ही दोन भावंडं, एकाचं फळ शाबूत आणि दुसऱ्याचं तडकलेलं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अंजीर कोरड्या मुलखाचं, खडकाळ जागी जगणारं काटक झाड. त्याला पाण्याचे एवढे लाड कशाला? झाडापुरतं हे बरोबर आहे. पाणी तोडलं, पान झडलं, तरी ते मरत नाही. चुनखडीची जमीनही ते सोसतं. पण झाड जगणं आणि फळ नीट पिकणं या दोन गोष्टी आहेत. ज्या भूमध्य सागराकाठच्या देशांतून हे झाड आलं, तिथला उन्हाळा सलग कोरडा असतो. फळ पिकताना वरून पाऊस येत नाही, म्हणून कोरडेपण तिथे फळाला बाधत नाही. तिथल्या वसंताचा धोका थंडीचा. जुन्या फांदीवर हिवाळा काढलेली बारीक फळं उशिरा पडलेल्या कडाक्यानं गळून जातात. राजुऱ्याला त्या थंडीचं भय नाही, पण इथला वसंत सलग कोरडाही नाही. काटकपणाच्या भरवशावर झाडाला तहानलेलं ठेवायचं आणि मग विदर्भाच्या अवकाळीपुढे उभं करायचं, हे त्याच्या मूळ मुलखाची अर्धीच नक्कल करण्यासारखं आहे.

म्हणून घरच्या झाडासाठी काम दोन ठिकाणी आहे. पहिलं आळ्यात. खोडालगत खड्डा करून बादली ओतण्यापेक्षा फांद्यांच्या सावलीएवढं रुंद आळं करावं. त्यात हातभर पालापाचोळा किंवा सोयाबीनचं कुटार पसरावं आणि माघापासूनच ठरावीक दिवसांआड थोडं थोडं पाणी द्यावं. आच्छादनाखालची काळी माती भेगाळत नाही, हाच यातला मुख्य लाभ. जिथे बोट जाईल अशी भेग नाही, तिथे पावसाचं पाणी एकदम मुळांवर कोसळत नाही. दुसरं काम दिनदर्शिकेत. पुण्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी छाटून खट्टा बहार आणि पावसाळा सरताना छाटून मीठा बहार धरतात. मीठ्याची फळं मार्चपासून मेपर्यंत येतात, म्हणजे नेमकी आपल्या वादळांच्या दिवसांत. न छाटलेलं घरचं झाडही बहुधा त्याच सुमारास पिकतं. पोळ्याच्या आसपास हलकी छाटणी केली तर फुटव्यापासून पिकण्यापर्यंत साडेचार-पाच महिने धरून फळांचा मोठा भाग होळीच्या आत हाती यावा, असा हिशेब निघतो. कुणी म्हणेल, भाद्रपदातल्या पावसात कोवळ्या पानांवर तांबेरा येईल. येईल, आणि इथला पाऊस पुरंदरच्या दुप्पट असल्यानं जास्त येईल. पण तांबेऱ्याची पानं वेचून जाळता येतात, झाडात हवा खेळेल अशा फांद्या राखता येतात. तडकलेलं फळ शिवता येत नाही.

गारांपुढे यातलं काहीच चालत नाही. सुपारीएवढी गार फळावर बसली की हिरव्या फळातूनही पांढरा चीक ओघळतो आणि तो डाग काळा पडून फळ सडतं. ओल सांभाळणाऱ्यानंही हे नुकसान सोसायचंच असतं. मात्र गार नसलेल्या पावसाच्या संध्याकाळी, पूर्वेला काळोख दाटताना, एक चूक टाळता येते: घाईघाईनं सगळीच फळं उतरवण्याची. अंजीर झाडावरून काढल्यावर गोड होत नाही. ज्या फळाची मान झुकली आहे, देठ वाकवताच जे चीक न गाळता हातात येतं, तेवढंच तोडावं. ताठ मानेची हिरवी फळं तशीच राहू द्यावीत. आळ्यात ओल असेल तर सकाळी ती तिथेच असतील.