सिकलसेल: कार्ड हातात आले, माहिती कुठे अडली?

मुकुटबन परिसरात कुटुंबांच्या भेटी घेताना हिवाळ्यात एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते. कापसाची वेचणी जोरात असते, पहाटे थंडी असते आणि घरातले एखादे पोर हातापायाच्या दुखण्याने कळवळत असते. आई म्हणते, थंडी लागली. आजी म्हणते, बाहेरचे काही झाले. शाळेत त्याच्यावर कामचोरपणाचा शिक्का बसलेला असतो. पुढे रक्ततपासणीत कळते की मुलाला सिकलसेल आहे.

दुसरा प्रसंग एका सोयरिकीचा. मुलीजवळ सिकलसेल वाहक असल्याचे कार्ड होते. मुलाकडच्यांनी "पोरगी बिमार आहे" म्हणून ठरलेले लग्न मोडले. मुलाची तपासणी झाली का, असे आम्ही विचारले. झालेली नव्हती. ती करावी असे कोणाला वाटलेही नव्हते. मुलगी मात्र वर्षभर घराबाहेर पडायला लाजत होती.

तपासणी झाली, पण तिचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही. आमच्या मते आज खरा प्रश्न हाच आहे.

आजार काय, वाहक कोण?

सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. एरवी गोल आणि लवचीक असणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पेशी लवकर फुटत असल्याने रक्तही कमी होते. हा आजार स्पर्शाने, जेवणाने किंवा सोबत राहिल्याने होत नाही.

दोषाचे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती वाहक. तिला सहसा काहीही त्रास होत नाही. दोघांकडूनही आले, तर ती व्यक्ती रुग्ण. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. एकच जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मूल रुग्ण होत नाही. म्हणजे त्या मुलीचे लग्न निरोगी मुलाशी झाले असते तर काहीच बिघडले नसते.

संशोधनाने आपल्याला काय दिले?

1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे जनुक आढळले. त्यानंतर 1958 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतावरील लेख आला. ज्या समाजांत हे जनुक मोठ्या प्रमाणात दिसले, त्यांत त्यांनी तेव्हाच्या महार समाजाची नोंद केली. त्याच नागपुरात दोनच वर्षांपूर्वी या समाजाने बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली होती.

म्हणजे ही माहिती सहा दशकांहून जुनी आहे. तरीही आपल्या वस्त्यांत "तो आदिवासींचा आजार" असे सर्रास ऐकायला मिळते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 2047 पर्यंत आजार संपवण्याचे उद्दिष्ट आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांनी "हे आपल्यासाठी नाही" असे समजू नये. मुकुटबनसारख्या गावात गोंड, परधान, कोलाम आणि बौद्ध शेजारी राहतात, एकाच शेतात मजुरीला जातात. या प्रश्नातही सर्वांनी सोबत उभे राहायला हवे.

उपचारातही संशोधनाचा हात आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर त्रास असलेल्या 60 मुलांवर हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना बिनऔषधी गोळी, असे 18 महिने चालले. औषध मिळालेल्या मुलांचे वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज खूप कमी झाली. 2012 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते. पण "याला इलाज नाही" म्हणून मांत्रिकाकडे जाण्याचे कारण आता उरलेले नाही.

अमेरिकेचा धडा

1971 पासून अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाने कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेल तपासणीची मोहीम चालवली. सरकारने या आजाराकडे दुर्लक्ष केले, हा त्यांचा आरोप होता. 1972 मध्ये तिथे सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

पण तिथे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, समुपदेशन मात्र पुरेसे दिले नाही. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना कळला नाही आणि निरोगी वाहकांना नोकरीत व विम्यात भेदभाव सोसावा लागला. आपल्याकडे तोच भेदभाव सोयरिकीच्या बैठकीत होतो आणि त्याची झळ बहुतेक वेळा मुलीलाच बसते.

शरीरासोबत मनही

वारंवार दुखणे, बुडणारी शाळा, "आपण ओझे आहोत" ही भावना, "माझ्यामुळे झाले" असा आईचा अपराधभाव, हेही या आजाराचेच भाग आहेत. हे जनुक कोणाच्या पापाचे फळ नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळाले, म्हणून ते पिढ्यानपिढ्या टिकले. कारणापासून परिणामाकडे जाणारी ही समज धम्माच्या विचाराला जवळची आहे.

हक्काची बाजूही माहीत हवी. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधील 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ते 40 टक्के किंवा अधिक असेल, तर शिक्षण आणि योजनांतील अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. अनेक पालकांना हे आमच्याकडूनच पहिल्यांदा कळते.

आपण काय करू शकतो?

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले. ज्या गटात जनुकाचे प्रमाण जास्त, त्या गटातच लग्ने होत राहिली तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. आंतरजातीय विवाहाला हेही एक कारण आहे. मात्र हे जनुक इतर समाजांतही आहे, म्हणून तपासणी दोघांचीही हवी.

युवक-युवतींना आमची विनंती:

- स्वतःची तपासणी लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच करून घ्या. प्राथमिक चाचणीत दोष दिसला तर पक्की चाचणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.
- विहारात शिबिर घेताना समुपदेशक आणि आशाताईंना सोबत घ्या. अहवाल चारचौघांत वाचून दाखवू नका. तो ज्याचा त्यालाच द्या.
- घरात गरोदर स्त्री असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच पती-पत्नी दोघांची तपासणी करा. दोघेही वाहक निघाले तर लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्या.
- आजारी मुलाला भरपूर पाणी, थंडीत उबदार कपडे, वेळेवर लस आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, एवढे तरी पाळा.
- त्याच्या शिक्षकांना भेटून आजार समजावून सांगा.

ती मुलगी आता आमच्यासोबत शिबिरांना येते. वाहक म्हणजे काय, हे तीच सांगते. बोलून झाले की समोरच्या मुलांना विचारते, "तुमच्यापैकी किती जणांनी तपासणी केली?" सुरुवातीला कोणी हात वर करत नाही. मग एखादा तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात.

जय भीम.