४७ ए/१६ : कोळीवाडा आणि कान्हेरी एकाच पत्रकावर

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (स्थापना १७६७) स्थलदर्शक नकाशांत वर्सोवा (वेसावे) येतो ४७ ए/१६ या पत्रकावर. १९° ते १९°१५′ उत्तर अक्षांश, ७२°४५′ ते ७३° पूर्व रेखांश, एवढाच हा चौकोन. पण वेसाव्याचा कोळीवाडा, खाडीपलीकडचा मढचा किल्ला आणि कान्हेरीचा जंगलाने वेढलेला डोंगर असे सगळे त्यात मावते.

जुन्या पत्रकांचे प्रमाण एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. मेट्रिक पद्धतीत ते १:५०,००० झाले. समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, झाडी हिरवी, शेती पिवळी, रस्ते आणि वस्ती लाल. तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे, हे पक्के समजावे. ४७ ई/१० वरचे कळसूबाई शिखर (१,६४६ मीटर) आणि ४७ ई/१५ वरचा हरिश्चंद्रगड याच खुणांनी वाचायचे.

जुनी आवृत्ती मिळाली तर आधी मालाडच्या खाडीचा काठ पाहावा. लोखंडवाला संकुल उभे राहण्यापूर्वी तिथे दलदल आणि तिवरे होती. शहराच्या वाढीचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

किनारपट्टीची पत्रके संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ सर्वांना खुली नव्हती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी ‘ओपन सिरीज’ वेगळी काढली. तिच्यात हे पत्रक ई४३ए१६ या क्रमांकाने शोधावे.