सरासरीत न दिसणारा वॉर्ड

लेखमाला : सतरा ध्येयं, २०३० ची मुदत • लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण देशांची क्रमवारी पाहिली. शाश्वत विकासाच्या २०२५ च्या जागतिक अहवालात भारत १६७ देशांमध्ये ९९ व्या जागी आला. शंभराच्या आत येण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, की ज्यांची मोजणी होऊ शकते अशा लक्ष्यांपैकी जेमतेम ३५ टक्के वाटेवर आहेत किंवा बऱ्यापैकी पुढे सरकली आहेत, आणि १८ टक्के तर २०१५ च्याही मागे घसरली आहेत. आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२३-२४ च्या शाश्वत विकास निर्देशांकात गोव्याला ७७ गुण मिळाले, कर्नाटकाला ७५, महाराष्ट्राला ७३, बिहारला ५७. आपलं राज्य पुढे की मागे, एवढं यातून कळतं. पण विषमता राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. ती शहरात उतरते आणि एकाच रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे जाऊन बसते. म्हणून या आठवड्यात सहावं ध्येय, म्हणजे पाणी, आणि त्यासाठी एकच शहर : हुबळी-धारवाड.

मराठी वाचकाला धारवाड म्हटलं की जी. ए. कुलकर्णी आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात, पेढा आठवतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता. तिथे घर असलेल्या माणसाला मात्र विचारा, तो आधी पाण्याच्या पाळीबद्दल बोलेल. आज आलं, आता पुढचं कधी? कोणत्या भागात चार दिवसांनी, कोणत्या भागात आठ दिवसांनी. आणि मध्येच एखादा वॉर्ड असा, की तिथे रात्री दोन वाजताही नळ फिरवला तर पाणी येतं.

या शहराला पाणी मुळात कष्टाने मिळतं. हुबळीसाठी १९५५ मध्ये बेडती नदीच्या पाणलोटात नीरसागर धरण बांधलं गेलं. दुष्काळाच्या वर्षांत ते आटतं. मोठा भार मलप्रभेवर आहे. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाचा, म्हणजे रेणुकासागराचा, पूर्ण पाणीसाठा समुद्रसपाटीपासून सुमारे ६३३ मीटरवर असतो आणि धारवाड शहर साधारण ७४० मीटरवर. शंभराहून अधिक मीटर पाणी वर चढवायचं, अम्मिनभावीला शुद्ध करायचं आणि मग वाटायचं. त्यामुळे इथली फुटकी पाइपलाइन पाण्याबरोबर वीजही गटारात घालवते. हा एक मुद्दा पाण्याच्या आणि ऊर्जेच्या ध्येयांना एकत्र बांधतो. राज्यांच्या गुणपत्रिकेत मात्र ते वेगवेगळ्या रकान्यांत बसलेले असतात.

आता त्या चोवीस तास पाण्याच्या वॉर्डांकडे येऊ. जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटक सरकारने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या तीन शहरांत एक प्रयोग केला. प्रत्येक शहराचा एक छोटा भाग निवडायचा, तिथल्या जुन्या वाहिन्या काढून नव्या टाकायच्या, घरोघरी मीटर लावायचे आणि चोवीस तास दाबाने पाणी द्यायचं. फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीकडे चालवण्याचं काम होतं. हुबळी-धारवाडात असे आठ वॉर्ड होते, लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के. २००७-०८ मध्ये तिथे अखंड पाणी सुरू झालं. दक्षिण भारतातल्या या मध्यम शहरात हे होऊ शकतं, हे अनेकांना पटत नव्हतं. ते झालं, आणि त्याचं श्रेय त्या अभियंत्यांना दिलंच पाहिजे.

चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंतांची चैन, असा आक्षेप मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जमिनीखालच्या वाहिनीला सांधे असतात, तडे असतात, गंजलेली भोकं असतात. आत दाब असतो तोवर त्या भोकांतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि वाहिनी रिकामी होते. त्याच भोकांतून आता बाहेरचं आत येतं, आणि आपल्या शहरांत बाहेर काय असतं? उघडं गटार, शेजारून जाणारी सांडपाण्याची वाहिनी, पावसाळ्यात साचलेला चिखल. चार दिवसांनी पाणी सोडलं की हे सगळं पहिल्या लोटाबरोबर घरात येतं. त्यात पाणी येताक्षणी गल्लीतल्या निम्म्या घरांतून मोटारी थेट लाइनला जोडल्या जातात. त्या ओढतात तेव्हा वाहिनीत उलटा शोष तयार होतो. म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ निघालेलं पाणी शेवटच्या काही किलोमीटरांत खराब होतं, आणि ज्याचं घर वाहिनीच्या शेवटी, त्याला सगळ्यात वाईट मिळण्याची शक्यता जास्त.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी याच शहरात हे मोजून पाहिलं. नळावर घेतलेल्या नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू पाळीने पाणी येणाऱ्या भागांत जवळपास ३२ टक्के नमुन्यांत सापडला. चोवीस तास पाणी असलेल्या भागांत एक टक्क्याहूनही कमी नमुन्यांत. त्यानंतर त्यांनी आठ अखंड पाण्याचे वॉर्ड आणि त्यांच्याशी मिळतेजुळते आठ पाळीचे वॉर्ड घेऊन, लहान मुलं असलेल्या ३९०० हून अधिक घरांचा पाठपुरावा केला. २०१५ मध्ये प्लॉस मेडिसिन या नियतकालिकात निष्कर्ष आले. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत ठळक फरक दिसला नाही. टायफॉईड झाल्याचं सांगणारी घरं मात्र ४२ टक्क्यांनी कमी होती. आणि कमी उत्पन्नाच्या घरांत मुलांना रक्ताचे जुलाब होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होतं.

हा शेवटचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. सुस्थितीतल्या घराकडे गच्चीवर सिंटेक्सची टाकी असते, अंगणात हौद असतो, स्वयंपाकघरात फिल्टर असतो. पाळीच्या पाण्याचे दोष त्या घराने पैसे मोजून झाकलेले असतात. गरीब घराकडे घागरी, कळश्या आणि एखादा प्लॅस्टिकचा ड्रम. वाहिनीत दाब आला की सगळ्यात जास्त रक्षण या घराचं होतं. मग अखंड पाणी कुठे आधी पोचायला हवं होतं? माझ्या मते निवडीची पहिली कसोटी हीच असायला हवी होती, तांत्रिक सोय नंतर. एकूण जुलाब का घटले नाहीत, याचाही विचार करायला हवा. जुलाबाला पाण्याशिवाय दहा वाटा असतात, आणि पाणी चोवीस तास असूनही लोक ते भरून ठेवत राहिले. उद्या जाईल, ही भीती एका पिढीत जात नाही. भरून ठेवलेल्या पाण्यात हात पडतात, तांब्या बुडतो.

उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय झालं? ते थांबले. सगळ्या शहराला अखंड पाणी देण्याच्या पुढच्या प्रकल्पाला जागतिक बँकेची मंजुरी मिळाली २०१६ मध्ये; काम एल अँड टी कंपनीकडे गेलं. पहिल्या आठ वॉर्डांत पाणी आलं तेव्हा जन्मलेलं मूल आता मतदार झालं आहे. २०११ च्या जनगणनेत ९ लाख ४३ हजार लोकांचं असलेलं शहर वाढत गेलं, वॉर्ड ६७ चे ८२ झाले. या मधल्या काळाची किंमत कुणी मोजत नाही. पाणी कधी येईल ते नक्की नसलं की घरात कुणीतरी थांबावं लागतं, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. तिची रोजची मजुरी जाते, मुलीची शाळा बुडते. याच शहरात काही तरुणांनी ‘नेक्स्टड्रॉप’ नावाची सेवा सुरू केली होती : व्हॉल्व्हमन पाणी सोडायला निघाला की त्या भागातल्या लोकांना मोबाइलवर संदेश. कल्पना साधी होती आणि लोकांच्या खऱ्या अडचणीतून आली होती. ती सेवा पुढे बंगळुरूला गेली.

महाराष्ट्रातही चित्र असंच तुकड्यातुकड्यांचं आहे. कराडजवळच्या छोट्या मलकापूरने सगळ्या गावाला मीटरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. छत्रपती संभाजीनगर जायकवाडीच्या इतकं जवळ, तरी तिथे नळाला कित्येक दिवसांच्या पाळ्या. समांतर जलवाहिनीचा खासगी करार २०१६ मध्ये रद्द झाला आणि सगळं नव्याने सुरू करावं लागलं. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था शहरभर केली. श्रीमंत राज्य पुढे आणि गरीब राज्य मागे, हा हिशेब पाण्याला लागू पडत नाही.

पाण्याच्या हिशेबात कंपन्यांमध्येही अशीच दरी आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा ठरावीक अहवाल, ज्याला बीआरएसआर म्हणतात, सक्तीचा केला. किती पाणी उचललं, कुठून उचललं, किती सोडलं, हे त्यात लिहावं लागतं. हे चांगलं झालं. पण धारवाडच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतला मोठा कारखाना आणि हुबळीच्या तारिहाळ किंवा गोकुळ रोडवरचा छोटा वर्कशॉप, दोघंही मलप्रभेच्याच खोऱ्याच्या पाण्यावर जगतात. हिशेब मात्र मोठ्या सूचिबद्ध कंपनीनेच द्यायचा. आणि तो हिशेब फाटकाच्या आतला. संध्याकाळी फाटकाबाहेर पडणाऱ्या कामगाराच्या घरी किती दिवसांनी पाणी येतं, हा प्रश्न त्या तक्त्यात नाही.

संयुक्त राष्ट्रांची सुरक्षित पाण्याची व्याख्या चांगली आहे : घरात, गरज असेल तेव्हा, आणि दूषित नसलेलं. या कसोटीवर जगात अजून २१० कोटी लोक बाहेर आहेत. आपण मात्र बहुतेक ठिकाणी नळजोडण्या मोजतो. जोडणीच्या मोजणीत रात्री दोनला पाणी येणारं घर आणि आठ दिवसांनी पाणी भरणारं घर सारखंच.

हुबळी-धारवाडची तहान भागवण्यासाठी कर्नाटकाचं लक्ष पश्चिमेकडे लागलेलं आहे, आणि इथे हा विषय थेट मराठी मुलखात येतो. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, मराठी बोलणाऱ्या घाटमाथ्याच्या गावात. तिथलाच कळसा नाला आणि शेजारचा बंडुरा म्हादईला मिळतात आणि पाणी गोव्यात उतरतं. ते वळवून मलप्रभेत टाकायचं, अशी योजना आहे. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात म्हादई लवादाने कळशातून १.७२ आणि बंडुऱ्यातून २.१८ टीएमसी, मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिलं. नरगुंदच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी मोठं आंदोलन केलं, त्यांची गरज खरी आहे. गोव्याचा विरोध सर्वोच्च न्यायालयात आहे, खानापूरच्या जंगलासाठी बोलणारेही गप्प नाहीत, त्यांची काळजीही खरी आहे.

हा वाद सोडवण्याचा अधिकार न्यायालयाचा. पण महापालिकेच्या हातात एक गोष्ट आज आहे : ८२ वॉर्डांपैकी प्रत्येकात किती दिवसांनी, किती तास आणि किती दाबाने पाणी आलं आणि वाटेत किती गळलं, हे दर महिन्याला कन्नड आणि मराठीत वॉर्डाच्या फलकावर लावणं. नव्या वाहिन्यांना मीटर आहेत, दाब मोजणारी यंत्रंही बसवता येतात. कणकुंबीच्या माणसाला तुझ्या गावचं पाणी दे म्हणण्याआधी, आलेल्या पाण्याचा हा हिशेब त्याला दाखवता आला पाहिजे.

(पुढच्या लेखांकात : सातवं ध्येय, वीज)